अनामत जप्त झालेले मुद्दे

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की माझ्या कामाचा हंगाम सुरू होतो. उमेदवारी अर्ज भरून देणे, प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा राहणार नाही हे पाहणे, खर्चाची नोंदवही लिहून ती तपासणीला हजर करणे, असे हे काम आहे. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांकडे यासाठी वकील असतात, कार्यालय असते, मागच्या निवडणुकीच्या फायली असतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक अपक्ष. त्यांच्यातला फरक फार लवकर कळतो. काही जण तिकीट नाकारलेले बंडखोर असतात. काहींना कोणीतरी कोणाची तरी मते खाण्यासाठी उभे केलेले असते. आणि थोडे, फार थोडे, एखादा मुद्दा घेऊन येतात: धरणात जमीन गेली पण पुनर्वसनाच्या गावठाणाला अजून सातबारा नाही, शाळेला वर्षानुवर्षे अनुदान नाही, खारभूमीचा बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, बंद कारखान्याने कामगारांची देणी दिली नाहीत. या तिसऱ्या प्रकारच्या उमेदवारांबद्दल माझे एक मत बनले आहे आणि ते मी इथे मांडतो आहे. मुद्दा घेऊन उभा राहणारा अपक्ष निवडून येतो की पडतो, यावरून त्याची किंमत करणे चूक आहे. पक्षांच्या हिशेबात ज्यांची बेरीजच होत नाही अशा माणसांची मोजणी तो करून दाखवतो, आणि त्या मोजणीचे परिणाम पुढे अनेक वर्षे होत राहतात. पहिल्या दोन प्रकारच्या अपक्षांसाठी केलेल्या नियमांचा भुर्दंड मात्र यालाच सर्वांत जास्त बसतो.

आधी कागदपत्रांची गोष्ट सांगतो, कारण अन्याय तिथूनच सुरू होतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा सूचक लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक अर्जावर अचूक लिहावा लागतो. यादी पुन्हा छापली गेली आणि एका सूचकाचा क्रमांक बदलला, तर छाननीच्या टेबलावर दहाचे नऊ होतात आणि अर्ज बाद होऊ शकतो. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना पाच हजार. ती परत मिळायला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मते लागतात. अर्जाच्या आधी निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडायचे. मग हातात येते खर्चाची नोंदवही: रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. रिक्षावर लावलेल्या भोंग्याचे भाडे, सभेतल्या खुर्च्या, चहाचे कप, सगळे प्रशासनाने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे तिथे उतरवायचे. प्रचाराच्या काळात ही वही तीनदा तपासणीला न्यायची आणि निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा. तो चुकला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

हिशेब मागण्याला माझी हरकत नाही. तो मागितलाच पाहिजे. हरकत आहे ती तराजूला. विधानसभेसाठी मोठ्या राज्यांत उमेदवाराची खर्चमर्यादा 2022 पासून चाळीस लाख रुपये आहे, पण पक्षाने स्वतः केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक नेमता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. अपक्षाला स्टार प्रचारक नाही, त्यामुळे त्याचा प्रत्येक रुपया त्याच्याच वहीत. मतदारयाद्यांच्या मोफत प्रती मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मिळतात. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरची भाषणाची वेळ मान्यताप्राप्त पक्षांना मिळते. मतदानयंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावे, मग इतर नोंदणीकृत पक्षांची आणि सर्वांत शेवटी अपक्षांची. चिन्ह तर माघारीची मुदत संपल्यावरच हाती पडते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि प्रचार 18 नोव्हेंबरच्या संध्याकाळी थांबला. महाराष्ट्रातल्या सरासरी मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. कपबशी किंवा शिट्टी हे आपले चिन्ह आहे एवढेच त्या सर्वांपर्यंत दोन आठवड्यांत पोचवायचे म्हटले, तरी मुद्दा सांगायला वेळ उरत नाही.

आता मूळ प्रश्न. एखादा मुद्दा दुर्लक्षित का राहतो? तो क्षुल्लक असतो म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते. कामाच्या निमित्ताने मला तसे दिसलेले नाही. मुद्दा दुर्लक्षित राहतो तो बहुधा त्याची माणसे विखुरलेली असल्यामुळे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या 29 लाख 63 हजारांवर नोंदली गेली. 288 मतदारसंघांनी भागले तर प्रत्येकी सरासरी दहा हजार माणसे होतात. दहा हजारांपेक्षा कमी फरकाने लागलेले निकाल आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत असतात. तरीही ही माणसे कोणत्याच पक्षाच्या मतपेढीत धरली जात नव्हती. ती एका जातीची नाहीत, एका वस्तीत राहत नाहीत, त्यांचा एक पुढारी नाही, आणि अनेकांना तर मतदानकेंद्राच्या पायऱ्याही चढता येत नाहीत. पक्षाचा कार्यकर्ता गावाचा हिशेब वाड्यांनुसार, भावक्यांनुसार आणि जातींनुसार मांडतो. त्या मांडणीत प्रत्येक वाडीत दोन-तीन घरांत असलेली माणसे दिसूच शकत नाहीत.

अचलपूरहून बच्चू कडू 2004, 2009 आणि 2014 असे तीनदा अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या आंदोलनांच्या तऱ्हांविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण दिव्यांगांचा प्रश्न त्यांनी समाजकल्याणाच्या एका कोपऱ्यातून उचलून राज्याच्या राजकारणात आणला, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा निधी खर्च का होत नाही, हा प्रश्न घेऊन ते नगरपालिकांच्या आणि महापालिकांच्या दारात बसले. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्याचे सगळे श्रेय एका आमदाराला देणे बरोबर नाही. राज्यभरच्या संघटना वर्षानुवर्षे राबल्या होत्या आणि 2016 चा केंद्रीय कायदा पाठीशी होता. मात्र संघटनांच्या मागणीला सभागृहात कायमचा आवाज मिळाला तो पक्षाच्या तिकिटावर न आलेल्या माणसाकडून, आणि हा योगायोग नाही. पक्षाच्या आमदाराने काय बोलायचे त्याचा क्रम पक्ष ठरवतो. अपक्षाचा क्रम त्याच्या मतदारांनी ठरवलेला असतो.

दुसरे उदाहरण 1995 चे. त्या निवडणुकीत शिवसेनेला 73 आणि भाजपला 65 जागा मिळाल्या, म्हणजे एकूण 138. बहुमताला 145 हवे होते. अपक्ष निवडून आले होते 45. यांतले बरेच जण काँग्रेसचे बंडखोर होते, त्यामुळे त्यांना सरसकट मुद्द्यांचे उमेदवार म्हणता येत नाही. पण पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्यांना एक गोष्ट बांधून ठेवत होती, ती म्हणजे कृष्णेचे पाणी. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी पाणी दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होऊ शकणार होता. तोवर धरणे आणि कालवे झाले नाहीत तर वाट्याचे पाणी हातचे जाईल, ही भीती सांगली, साताऱ्याच्या माणदेशी तालुक्यांत घराघरांत होती. आटपाडी-खानापूर भागात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली होती. नव्या सरकारला पाठिंबा देताना अपक्षांनी कृष्णा खोऱ्याचा आग्रह धरला आणि 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या कामाला त्यातून गती आली. पुढे या योजना रखडल्या, खर्च कैक पटींनी वाढला, पाणी शेवटच्या गावाला पोचायला दशके लागली, हे सगळे खरे आहे आणि त्याची चिकित्सा झालीच पाहिजे. पण चळवळीची मागणी सरकारच्या कार्यक्रमात आली ती त्या वर्षीच्या संख्याबळामुळे. त्याआधीच्या सरकारांना दुष्काळ माहीत नव्हता असे थोडेच आहे?

वसईचे उदाहरण लहान आहे, पण स्वच्छ आहे. जुलै 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि अनेक गावांनी आम्हाला त्यातून वगळा म्हणून आंदोलन उभारले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित शिवसेनेच्या पाठिंब्याने अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. 2011 मध्ये राज्य सरकारने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला. प्रकरण पुढे न्यायालयात गेले आणि लांबले, तरी निवडणुकीने त्या प्रश्नाला सरकारदरबारी जागा मिळवून दिली होती.

एकटा माणूस सभागृहात काय करणार, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्यांना मी प्रा. बी. टी. देशमुखांचे नाव सांगतो. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून ते 1980 ते 2010 अशी तीस वर्षे विधान परिषदेत होते, मागे प्राध्यापकांची संघटना होती. विदर्भाचा अनुशेष हा भाषणात आळवायचा विषय होता. देशमुखांनी तो आकड्यांचा विषय केला. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपयांचा काढला होता आणि त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास होता. अहवाल आला म्हणून अनुशेष भरला जात नाही. कोणत्या वर्षी किती तरतूद झाली, किती खर्च झाली, किती दुसरीकडे वळवली, हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून शोधून प्रश्नोत्तरांत आणि चर्चांत मांडत राहावे लागते. हे काम बहुमताने होत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक, ही आयुधे प्रत्येक सदस्याला आहेत. ती वापरायला अभ्यास लागतो, आणि पक्षाच्या प्रतोदाने आज गप्प बसा म्हटले तर गप्प बसावे लागणार नाही एवढे स्वातंत्र्य लागते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत बोचरा: यांना मतेच मिळत नाहीत, म्हणजे लोकांना मुद्दा महत्त्वाचा वाटत नाही. 2017 मध्ये मणिपूरच्या थौबलमधून इरोम शर्मिला मुख्यमंत्री ओक्राम इबोबी सिंह यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या अपक्ष नव्हत्या, त्यांनी छोटासा नवा पक्ष काढला होता. पण त्यांची अवस्था अपक्षाचीच होती. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध सोळा वर्षे उपोषण केल्यानंतर त्यांना 90 मते पडली. ‘नोटा’ला त्याहून जास्त पडली. यावरून थौबलच्या लोकांना तो कायदा हवा होता, असा निष्कर्ष कोणी काढील का? मतदाराकडे एकच मत असते आणि त्यातून त्याला आमदारही निवडायचा असतो, सरकारही, आणि रस्त्याचे काम कोण करून देईल हेही ठरवायचे असते. एका मताने तो सगळे मुद्दे सांगू शकत नाही. म्हणून मुद्द्याच्या उमेदवाराला पडलेली मते ही त्या मुद्द्याला असलेल्या पाठिंब्याची सर्वांत खालची पातळी धरावी, वरची नव्हे. मणिपूरच्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून तो कायदा एप्रिल 2022 पासून मागे घेतला गेला. तो त्या 90 मतांमुळे घेतला असा माझा दावा नाही. 90 मतांवरून तो मुद्दा संपला असे म्हणणारे चुकले, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप गर्दीचा. 1996 मध्ये तमिळनाडूच्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात 1,033 उमेदवार उभे राहिले. शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी ठरवून केलेले ते आंदोलन होते. मतपत्रिका पुस्तकाएवढी झाली, मतदान पुढे ढकलावे लागले, आणि 88 उमेदवारांना एकही मत पडले नाही. त्याच वर्षी लोकसभेला नलगोंड्यात पाण्यातल्या फ्लोराइडच्या प्रश्नावर 480 आणि बेळगावात सीमाप्रश्नावर 456 उमेदवार रिंगणात होते. बेळगावची ती निवडणूक मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. सरकारने यावर काय केले? विधानसभेची अनामत 250 रुपयांवरून 5,000 केली, अपक्षांना दहा सूचकांची अट घातली, प्रचाराचे दिवस कमी केले. मतपत्रिका लहान झाली हे खरे. पण हजार माणसांनी पदरचे पैसे घालून अर्ज का भरले, याचे उत्तर कायद्यात कुठेही नाही. यंत्रणेवर ताण येतो हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तशा सामूहिक उमेदवाऱ्यांचे समर्थनही करत नाही, कारण त्यात मतदाराची निवड करण्याची सोयच जाते. त्यावरचा उपाय मात्र पैशाची भिंत उंच करणे हा नाही. आज दहा हजारांची अनामत कोणत्याही डमी उमेदवाराला अडवत नाही. ती भरणारा दुसराच असतो. धरणग्रस्तांच्या उमेदवाराला ती वर्गणीतून जमवावी लागते.

डमीचा विषय निघालाच आहे. 2014 च्या लोकसभेला रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला 9,849 मते पडली. अशी उदाहरणे दिली की लोक म्हणतात, बघा, अपक्ष म्हणजे मतविभागणी. हा राग रास्त आहे. पण नामसाधर्म्याचा उमेदवार ही प्रस्थापितांच्या लढाईतली खेळी आहे. अपक्ष हा त्यातला फक्त मुखवटा. यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र छापल्यापासून हा गोंधळ घटायला हवा, आणि नियम आणखी कडक करायचे तर ते इथे करावेत. मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने मते ‘खाल्ली’ असे म्हणणे मला पटत नाही. मते कोणाच्या ताटात आधीच वाढून ठेवलेली नसतात. ज्या पक्षाला वाटते की ती आपली होती, त्याने निवडणुकीआधी त्या मुद्द्यावर शब्द द्यायचा होता. 2019 मध्ये तेलंगणातल्या निजामाबादेत हळदीच्या शेतकऱ्यांसह 185 उमेदवार लोकसभेला उभे राहिले आणि मुख्यमंत्र्यांची कन्या तिथे पराभूत झाली. जिंकणाऱ्या उमेदवाराने हळद मंडळाचे आश्वासन मुद्रांकावर लिहून दिले होते. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादेत सुरू झाले. पक्ष मते कशी मोजतात आणि मोजल्यावर कसे वागतात, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

तिसरा आक्षेप सौदेबाजीचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. 1995 च्या 45 अपक्षांपैकी काही मंत्री झाले. 2022 च्या सत्तांतरात गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत बच्चू कडूही होते. तोवर ते स्वतःच्या पक्षाचे आमदार होते, पण टीका त्यांच्या अपक्ष राजकारणावरही झाली. अपक्षाला निवडून आल्यावर पक्षात प्रवेश करता येत नाही, दहाव्या अनुसूचीने तो अपात्र ठरतो. पण बाहेरून पाठिंबा देऊन मंत्रिपद घ्यायला अडकाठी नाही. माझ्या दृष्टीने भेद करायचा तो इथे. पाठिंब्याच्या बदल्यात महामंडळ, विभाग, योजना मागणे आणि ते मतदारांना आधी सांगून मागणे, हे लोकशाहीतले सरळ काम आहे. आघाडीतले पक्ष तेच करतात आणि त्याला किमान समान कार्यक्रम म्हणतात. बंद खोलीत स्वतःसाठी पद मागणे हा मतदाराचा विश्वासघात आहे, मग तो अपक्षाने केलेला असो की पक्षाने. पाठिंब्याची अट लेखी आणि जाहीर असली पाहिजे, असे बंधन घातले तर हा आक्षेप बराच निवळेल.

विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवायला बंदीच करावी अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही, याचे मला समाधान आहे. आमदार होण्यासाठी घटनेने ज्या पात्रता सांगितल्या, त्यांत पक्षाचे सभासदत्व नाही. मूळ घटनेत तर राजकीय पक्षांचा उल्लेखही नव्हता. तो आला 1985 मध्ये, पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीने. बंदी घातली तर बंडखोर एखादा कागदी पक्ष नोंदवून उभे राहतील, डमीही राहतील, कारण त्यांच्यामागे साधने आहेत. अडकेल तो पुनर्वसनाच्या गावठाणातला माणूस.

मग करायचे काय? मतदारयादीची प्रत प्रत्येक वैध उमेदवाराला मोफत मिळावी. छाननी संपताच चिन्ह द्यावे. मतदारचिठ्ठीसोबत प्रत्येक उमेदवाराचे ठरावीक शब्दांतले निवेदन घरोघरी जावे. आयोगाला हे अशक्य नाही, चिठ्ठी तशीही जातेच. यामुळे अपक्ष निवडून येतीलच असे नाही, पण तो का उभा आहे हे निदान मतदाराला कळेल. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात 4,136 उमेदवार होते. त्यांतले 2,086 अपक्ष होते. निवडून आले दोन, आणि ते दोघेही पक्षातून बंड केलेले. उरलेल्यांत पाटाच्या पाण्यासाठी, विनाअनुदानित शाळांसाठी, गायरानावरच्या घरांसाठी उभे राहिलेले किती होते हे कोणी मोजलेले नाही. पुढच्या निवडणुकीत यंत्राच्या तळाशी असलेली नावे वाचा, त्यांची प्रतिज्ञापत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर उघडून पाहा, आणि एखाद्याचा मुद्दा पटला तर तो पुन्हा उभा राहील तेव्हा त्याच्या अर्जावर दहातला एक सूचक म्हणून सही करा.